‘उद्या देते हं’ म्हटल्यावर: सहकाऱ्यांना दिलेल्या शब्दांचा पाठपुरावा कसा करावा

चाकणच्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे, मापं घ्यायची साधनं जिथे असतात ती गेज रूम माझ्याकडे असते. एका सोमवारी कॅन्टीनच्या रांगेत पहिल्या शिफ्टच्या सुपरवायझरांनी मला गाठलं. वयानं मोठे, सगळे त्यांना काकाच म्हणतात. “ताई, तो बावीसचा प्लग गेज कधी येतोय?” प्लग गेज म्हणजे पार्टमधल्या भोकाचं माप बरोबर आहे का ते सांगणारा दांडा. तो कॅलिब्रेशनसाठी, म्हणजे त्याचंच माप तपासून घ्यायला, बाहेरच्या लॅबला गेला होता. माझ्या हातात ताट, मागून रांग सरकतेय. “उद्या देते हं, काका,” म्हणाले, आमटी घेतली आणि टेबल शोधायला लागले.

मंगळवारी मी दिवसभर ग्राहकाकडे होते. लॅबची गाडी आली आणि गेज स्टोअरच्या इनवर्ड रॅकवर ठेवून गेली. बुधवारी एका रिजेक्शनवरून भलतंच काही पेटलं होतं, त्यात दिवस गेला. गुरुवारी आमची साप्ताहिक सुट्टी. शुक्रवारी सकाळी लाइनवर गेले, तर काकांचा एक माणूस काटा वाचून माप घ्यायचा डायल बोअर गेज घेऊन एकेक बोअर, म्हणजे भोक, मोजत बसला होता. प्लग गेजनं पाच सेकंदांत ‘गो’ (पार्ट पास) की ‘नो गो’ (नापास) कळतं. इथे एका पार्टला मिनिट जात होतं. असे चारशेच्या वर पार्ट मोजून झाले होते. आणि गेज कुठे? तिथून चाळीस पावलांवर, रॅकवर, प्लास्टिकच्या डबीत, नवंकोरं स्टिकर लावून.

“एकदा विचारायचं ना, काका!”

“तुम्ही उद्या देते म्हणालात. मग परत काय विचारायचं?”

ते चिडून बोलले असते तर बरं वाटलं असतं. पण त्यांना खरंच प्रश्न पडला होता. आपल्याकडे ‘पाठपुरावा’ म्हणजे ज्याला हवंय त्यानं मागे लागायचं. कार्यालयात खेपा घालायच्या, फोन करायचे, “झालं का?” विचारायचं. काकांच्या हिशेबात मात्र ते काम शब्द देणाऱ्याचं होतं. मला ते पटलं, आणि तेव्हापासून हळूहळू एक पद्धत बसवली. ती इथे पायरीपायरीनं सांगते. उदाहरणं कारखान्यातली आहेत, पण बँकेत, शाळेत, आयटीत बसणाऱ्यालाही ती चालावीत.

पहिली पायरी: शब्द तोंडातून निघतानाच

विसरण्याचा दोष आपण स्मरणशक्तीला देतो. माझा अनुभव असा की निम्मी गडबड शब्द देतानाच झालेली असते. आपली भाषा त्यात भरपूर मदत करते. “होऊन जाईल” या वाक्यात करणारं कुणीच नाही. “बघते” याचा अर्थ गावाकडे उसने पैसे मागणाऱ्याला बरोबर कळतो: मिळणार नाहीत. ऑफिसात मात्र सांगणारी “बघते” म्हणून सुटते आणि ऐकणारा ते “हो” धरून कामाला लागतो. “करून टाकू” मध्ये आपण दोघं आहोत की मी एकटी, हे शेवटपर्यंत कळत नाही. आणि ‘परवा’ तर पुढचाही असतो, मागचाही.

म्हणून मी स्वतःवर बंधन घातलं: ज्याला तारीख-वेळ नाही आणि ज्यात ‘मी’ नाही, तो शब्द द्यायचा नाही. “बघते” म्हणायची वेळ आलीच, तर पूर्ण म्हणायचं: “बघते आणि चार वाजेपर्यंत हो की नाही ते सांगते.”

बोलताना तीन गोष्टी ठरवून घ्यायच्या.

नेमकं काय द्यायचंय. “रिपोर्ट देते” म्हणजे काय? सही-शिक्क्याचा कागद, स्कॅन केलेली प्रत, की एक्सेलमधले आकडे? एकदा मी सही केलेला सुरेख रिपोर्ट वेळेआधी नेऊन दिला. समोरच्याला आलेख काढायला नुसते आकडे हवे होते. त्यानं माझ्यासमोरच ते परत टाइप करायला घेतले. विचारायला दहा सेकंद लागतात: “कशासाठी हवंय?”

कधी. वार, तारीख आणि वेळ, तिन्ही. भोसरी-चाकण पट्ट्यात बहुतेक कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते आणि पुण्यातल्या हेड ऑफिसला शनिवार-रविवारची. ‘शुक्रवारपर्यंत’ हा शब्द आमच्यासाठी सुट्टीनंतरची पहिली सकाळ, त्यांच्यासाठी आठवड्याची शेवटची संध्याकाळ. यावरून झालेली भांडणं मी पाहिली आहेत, आणि दोन्ही बाजू खऱ्या असायच्या. आता मी “शुक्रवार, बारा तारीख, दुपारी तीन” असं बोलते. सुरुवातीला लोक हसायचे.

आणि ते कुणाच्या हातात आहे. गेज माझ्या हातात नव्हता, लॅबकडे होता. तरी मी “उद्या देते” म्हणाले. म्हणायला हवं होतं: “लॅबची गाडी उद्या येते असं ते म्हणतात. आली की पहिला तुमचा. नाही आली तर उद्या पाचला मीच सांगते.”

तारीख ठरवताना पोटातून येणाऱ्या अंदाजावर विसंबू नका. १९९४ साली मानसशास्त्रज्ञ ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी पदवीचा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं, किती दिवस लागतील? सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. सगळंच बिनसलं तर किती, याचं उत्तर सुमारे ४९. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५. म्हणजे वाईटात वाईट धरूनही माणूस कमीच सांगतो. यावर माझ्याकडचा उतारा साधा आहे: मागच्या वेळी किती लागले ते वहीत पाहायचं. लॅब नेहमी चार दिवस सांगते. माझ्या वहीत मागच्या तीन गेजना सहा, नऊ आणि सात दिवस लागलेले आहेत. मी लाइनला आठ सांगते.

मीटिंगमध्ये प्लँट हेडनी सगळ्यांदेखत विचारलं, “मंगळवारपर्यंत होईल ना?” तर नाही म्हणायला जीभ रेटत नाही, हे मला माहीत आहे. तेव्हा मी म्हणते, “सर, अर्ध्या तासात नक्की तारीख सांगते.” हे सहसा चालतं. फक्त हाही एक शब्दच आहे, तोही लिहायचा आणि अर्ध्या तासातच पाळायचा. नाहीतर पुढच्या वेळी ही सवलत मिळत नाही.

दुसरी पायरी: लगेच लिहा, आणि एकाच जागी

माझी आजी आठवणीसाठी पदराला गाठ मारायची. संध्याकाळी गाठ दिसली की म्हणायची, “काहीतरी होतं खरं.” गाठीचा तोटा हाच: काहीतरी आहे एवढंच ती सांगते. “लक्षात आहे हं” हीसुद्धा तसलीच गाठ.

शब्द सर्वांत जास्त कुठे दिले जातात ते पाहा. जिन्यात, चहाच्या टपरीवर, पार्किंगमध्ये, शिफ्ट बदलताना. टेबलाशी बसून दिलेले फार थोडे. म्हणून लिहायची जागा अंगावर हवी. आमच्या काही लाइनवर मोबाइल चालत नाही, त्यामुळे मी खिशात मावणारी वही ठेवते. तुमच्याकडे फोन चालत असेल तर फोनमधलं कुठलंही नोंदींचं अ‍ॅप पुरे. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच संदेश पाठवता येतो, तेही चांगलं. कुठे लिहिता याला फार महत्त्व नाही, ती जागा एकच असावी याला आहे. चार ठिकाणी लिहिणारा माणूस न लिहिणाऱ्याइतकाच विसरतो, वर त्याला वाटत राहतं की आपण व्यवस्थित आहोत.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या मागणीला “हो” म्हटलं की तो संदेश दाबून धरून तारा द्यायचा, आणि दिवसातून एकदा तारे वहीत उतरवायचे. ईमेलला झेंडा लावायचा आणि तोही वहीत. मीटिंगचं इतिवृत्त येईल, त्यात आपलं नाव असेल, तेव्हा बघू, यावर मी विसंबत नाही. इतिवृत्त कधी चार दिवसांनी येतं, कधी येतच नाही. माझ्या नावावर पडलेलं काम मी मीटिंगमध्येच टिपते.

माझ्या वहीतलं एक पान असं दिसतं:

सोम. ८/९ | लाइन २, काका | बावीसचा प्लग गेज हातात | बुध. १०/९, स. १० | लॅब, गाडी मंगळवारी
सोम. ८/९ | परचेस, दादा | नव्या व्हर्नियरचं स्पेसिफिकेशन, मेलवर | मंगळ. ९/९, दु. १२ | मीच
मंगळ. ९/९ | डिझाइन | जुन्या ड्रॉइंगप्रमाणे किती पार्ट पडून आहेत तो आकडा | शुक्र. १२/९, दु. ३ | स्टोअरची मोजणी
मंगळ. ९/९ | नवीन ट्रेनी | मायक्रोमीटरची शून्य चूक कशी काढायची ते दाखवणं | बुध. १०/९, दु. ४ | मीच

कधी दिला, कुणाला, काय, केव्हापर्यंत, कुणावर अडलंय. पाच रकाने. शेवटचा रकाना लोक गाळतात, आणि पुढची पायरी सगळी त्याच्यावर उभी आहे.

शेवटची ओळ मुद्दाम ठेवलीय. ट्रेनीला दिलेला शब्द आणि प्लँट हेडना दिलेला शब्द एकाच वहीत, एकाच शाईनं. वरच्यांना दिलेले शब्द विसरायची सोयच नसते, ते आठवण करून देतात. खालच्या माणसाला ते जमत नाही. तो एकदा विचारतो, फार तर दुसऱ्यांदा, मग सोडून देतो. तुमचं नाव जे काही व्हायचं ते तिथे होतं.

तिसरी पायरी: गठ्ठे वेगळे करा

माझी मावशी तहसील कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाली. माझी वही पाहून ती म्हणाली, “अगं, हे सगळं एकात काय कोंबलंयस? आमच्याकडे सहा गठ्ठे असतात.” महाराष्ट्राच्या सरकारी दप्तरात सहा गठ्ठे पद्धत जुनी आहे, २०१७ साली पुणे विभागात ‘झिरो पेंडन्सी’ची, म्हणजे एकही प्रकरण पडून राहू न देण्याची, मोहीम झाली, तेव्हाही तीच वापरली गेली. प्रलंबित प्रकरणं, प्रतीक्षाधीन प्रकरणं, नियतकालिकं, स्थायी आदेशांच्या संचिका, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणं आणि नष्ट करायचे ‘ड’ वर्गाचे कागद, असे ते सहा.

आपल्या कामाचे पहिले तीन. ‘प्रलंबित’ म्हणजे माझ्या टेबलावर, माझ्यामुळे थांबलेलं. ‘प्रतीक्षाधीन’ म्हणजे माझं पत्र गेलंय, उत्तर यायचंय. हे दोन वेगळे ठेवले की डोळे उघडतात. मी पहिल्यांदा वेगळे केले तेव्हा तेवीस ओळींपैकी चौदा प्रतीक्षाधीन निघाल्या. म्हणजे मी “कामाचा डोंगर आहे” म्हणून रडत होते, पण माझ्या हातानं करायची कामं नऊच होती. उरलेल्या चौदांसाठी चौदा फोन हवे होते, आणि ते मी करत नव्हते, कारण मनात “आपल्या हातात काय आहे” हे पक्कं बसलेलं.

इथेच काकांचं प्रकरण फसलं होतं. गेज लॅबकडे आहे म्हटल्यावर माझ्या डोक्यानं ते काम लॅबच्या नावावर टाकून दिलं. पण काकांनी लॅबला कुठे विचारलं होतं? मला विचारलं होतं. प्रतीक्षाधीन गठ्ठ्यातल्या प्रत्येक ओळीला म्हणून मी दोन तारखा देते: समोरच्याला मी दिलेली, आणि त्याआधीची एक, ज्या दिवशी मी पुढच्याला फोन करणार. काकांना बुधवार सांगितला असेल, तर लॅबला फोन मंगळवारी सकाळी.

‘नियतकालिकं’ म्हणजे ठरलेल्या वेळेला जाणारी विवरणपत्रं. तसे आपलेही शब्द असतात: दर महिन्याच्या पाच तारखेला कॅलिब्रेशनची यादी, दर सोमवारी रिजेक्शनचा आकडा. हे वहीत परत परत लिहू नका, फोनच्या कॅलेंडरवर आवर्ती आठवण लावा.

जाता जाता: सरकारी फायलींच्या विलंबावर आपण सगळे विनोद करतो, पण त्यावर राज्यात कायदा आहे. बदल्यांचं विनियमन आणि विलंबास प्रतिबंध यांसाठीचा २००५ चा अधिनियम म्हणतो की सर्वसाधारणपणे कुठलीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे कामकाजाचे सात दिवस, यापेक्षा जास्त राहू नये. ‘तात्काळ’ फाइल शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी, ‘तातडीची’ चार दिवसांत. मावशीला हे पाठ आहे. पाळलं जायचं का, असं विचारलं की ती चहा ठेवायला उठते. तरी माझ्यासारख्या खासगीतल्या माणसाला त्यातून एक माप मिळालं: सात दिवसांत ज्या ओळीला मी हातही लावलेला नाही, ती लाल पेनानं गोल.

चौथी पायरी: रोज दहा मिनिटं, आठवड्यातून एकदा अर्धा तास

यात फार सांगण्यासारखं नाही. सकाळी मशीन गरम होईपर्यंत वही उघडायची. आज काय द्यायचंय, आज कुणाला फोन, उद्याच्यासाठी आज काय हलवायला हवं. आमच्याकडे गुरुवारी सुट्टी, म्हणून बुधवारी दुपारी चार ते साडेचार मोठी फेरी: सगळी पानं चाळायची, झालेल्यावर काट, न झालेलं नव्या पानावर. परत लिहायचा कंटाळा येतो, तो यायलाच हवा. तीच ओळ तिसऱ्यांदा उतरवताना हात आपोआप थांबतो आणि कळतं की हे आपण करणार नाही. मग त्या माणसाला तसं सांगून टाकायचं.

पाचवी पायरी: विचारण्याआधी सांगा

काम त्याच दिवशी होणारं नसेल तर मध्ये एकदा स्वतःहून कळवायचं. एक ओळ पुरते.

“दादा, व्हर्नियरचं स्पेसिफिकेशन निम्मं झालंय. उद्या बारापर्यंत मेल करते, बदल नाही.”

“काका, लॅबशी बोलले. गेज झालाय, गाडी आज. तुम्हाला बुधवारी दहाला.”

‘बदल नाही’ हे दोन शब्द कमाल करतात. परचेसचा माणूस त्या भरवशावर पुरवठादाराला शब्द देतो. आपल्या एका शब्दावर पुढे किती शब्द उभे असतात ते आपल्याला दिसत नाही.

उलट टोकही नको. रोज सकाळी ग्रुपवर “काम सुरू आहे” टाकणारे असतात. ते वाचून कुणाला काही कळत नाही, आणि खरी बातमी असेल तेव्हाही लोक वाचत नाहीत.

सहावी पायरी: चुकणार असं दिसलं की

सगळी पद्धत इथे कसाला लागते. वेळेवर देणं सोपं आहे. वेळ चुकणार हे वेळेआधी सांगणं जड जातं. मन म्हणतं, अजून दोन तास आहेत, होईलही. आणि मग वेळ टळून गेल्यावर सांगायला जास्तच लाज वाटते, म्हणून आपण आणखी टाळतो. मी कॉरिडॉरमध्ये एकीला पाहून चक्क वॉशरूमकडे वळलेली आहे. एवढं करण्यापेक्षा निरोप पाठवणं कितीतरी सोपं होतं.

माझा नियम: होईल की नाही अशी शंका आली की लगेच सांगायचं, खात्री होईपर्यंत थांबायचं नाही. समोरच्याला आदल्या दिवशी कळलं तर तो पर्याय शोधतो. ऐनवेळी कळलं तर त्याच्या हातात बोअर गेजच उरतो.

असा निरोप पाठवू नका:

“सॉरी हं, थोडा उशीर होतोय. लॅबवाले ऐकतच नाहीत, त्यात इकडे ऑडिट चालू आहे. करते लवकरात लवकर.”

यात काकांच्या उपयोगाचं काय आहे? किती उशीर ते नाही, नवी वेळ नाही, तोवर काय करायचं ते नाही. आहे ते सगळं माझं रडगाणं. हेच असं:

“काका, बावीसचा गेज उद्या सकाळी मिळणार नाही. लॅबची गाडी चुकली. शनिवारी सकाळी साडेआठला मी स्वतः आणून देते. तोवर लाइन ३ चा बावीसचा गेज आहे, त्यांच्याशी बोललेय, दुपारी बारानंतर मोकळा असतो. चालेल का?”

काय होणार नाही, नवी वेळ, तोवरचा पर्याय, आणि शेवटी एक प्रश्न. कारण एका वाक्यात. माफी मागायची असेल तर एकदाच, भेटल्यावर; निरोपात चार वेळा सॉरी लिहिलं की समोरच्याला आपलीच समजूत घालावी लागते. नवी तारीख देताना घाबरून जवळची देऊ नका. पहिली चुकली ते माफ होतं. त्याच कामाची दुसरी चुकली की लोक तिसरी तारीख ऐकतच नाहीत.

दुसऱ्यांदाही चुकतंय असं दिसलं, तर निरोप नाही, फोन नाही. उठून त्या माणसाकडे जायचं. आणि तेव्हा तारीख आपण ठरवायची नाही, निर्णय त्याच्या हातात द्यायचा: “माझ्याच्यानं या आठवड्यात होत नाही. दुसऱ्या कुणाकडून करून घ्यायचं, की सोमवारपर्यंत थांबता?” अनेकदा उत्तर येतं, “अहो, तेवढं अर्जंट नव्हतंच.” कधी कधी काम सरळ काढून घेतलं जातं. वाईट वाटतं. पण काम अडून बसण्यापेक्षा ते बरं.

सातवी पायरी: दिलं म्हणजे पोचलं असं नाही

लॅबनं गेज दिला होता. स्टोअरनं घेतला होता. नोंदीत सगळं पूर्ण, आणि काकांच्या हातात काही नाही. तेव्हा ओळीवर काट मारायची ती “पाठवलं” म्हणून नाही, “मिळालं” असं समोरून ऐकल्यावर. मेल केला असेल तर संध्याकाळी एक प्रश्न: “फाइल उघडली का? हवं ते आहे ना?” मोठ्या फायली जोडलेल्या मेलना कंपन्यांचे सर्व्हर अडवतात, चुकीची आवृत्ती जाते, त्याच नावाच्या दुसऱ्याच माणसाला मेल जातो. हे तिन्ही मी करून बसलेय.

रजेवर जाताना

सरकारात कार्यभार देताना यादी होते, त्यावर दोघांच्या सह्या होतात. आपण मात्र गणपतीला कोकणात निघताना “काही लागलं तर फोन कर” म्हणून गाडीत बसतो, आणि घाटात रेंज जाते. रजेच्या आदल्या दिवशी वहीतल्या रजेच्या काळात पडणाऱ्या ओळी पाहा. प्रत्येकीचं एकच काहीतरी करा: आधी देऊन मोकळं व्हा, तारीख बदलून घ्या, किंवा दुसऱ्याकडे सोपवा. सोपवलं तर ज्याला शब्द दिलाय त्यालाही सांगा की आता हे कुणाकडे आहे. हे शेवटचं राहून जातं, आणि मग बिचारा तुमच्या रिकाम्या खुर्चीकडे चकरा मारतो.

दुसऱ्यांनी आपल्याला दिलेले शब्द

वहीच्या मागच्या बाजूनं उलटं सुरू करून मी हे लिहिते. सगळे काही काकांसारखं थांबत नाहीत, मीही थांबत नाही. ठरलेल्या वेळेच्या आदल्या दिवशी एक मऊ आठवण: “उद्या दुपारचं ठरलंय ना, तसंच आहे ना?” वेळ टळल्यावरच्या “झालं का?” पेक्षा हे बरं, त्यात आरोप नसतो. दोनदा असं झालं की जाऊन विचारायचं, अडलंय कुठे? बरेचदा ते माझ्याकडेच अडलेलं निघतं: एखादी सही, एखादं माप. साहेबांना प्रतीत (सीसीमध्ये) घेऊन मेल करणं हे मी अगदी शेवटी ठेवते, आणि करण्याआधी त्या माणसाला तोंडी सांगते. न सांगता केलेला तसा मेल लोक वर्षानुवर्षं विसरत नाहीत.

सुरुवात करताना जुना साठा

हे वाचून वही घ्याल, आणि पहिल्याच दिवशी आठवेल की आधीचेच वीस-तीस शब्द वाऱ्यावर आहेत. त्यांच्यासाठी एक दुपार काढा. मागच्या दोन-तीन महिन्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ‘देते’, ‘पाठवते’, ‘करते’, ‘सांगते’ हे शब्द शोधा. पुरुषांनी अर्थात ‘देतो’, ‘पाठवतो’. फार बोचरा शोध आहे, पण यादी पंधरा मिनिटांत होते. मग त्यातलं दहा मिनिटांत होण्यासारखं त्याच दुपारी करून टाका. उरलेल्यांना एकच निरोप: “मी अमुक देते म्हणाले होते, राहून गेलं. अजून हवंय का? हवं असेल तर अमुक वारी देते.” माझ्या यादीतल्या जवळजवळ निम्म्यांनी “आता नको” म्हणून कळवलं. त्यांवर काट.

स्टोअरमधल्या एका दादांना मी म्हणाले होते की मुलीच्या लग्नासाठी पीएफमधून रक्कम काढायचा अर्ज ऑनलाइन कसा भरायचा ते दाखवते. हे संदेशांत सापडलं नाही, कारण जिन्यात बोललेलं. बाकीच्या ओळी लिहिताना आपोआप आठवलं. दीड वर्ष झालं होतं. तरी निरोप पाठवला: “दादा, तो पीएफचा अर्ज दाखवायचा राहिला होता. अजून हवाय का?”

त्यांचं उत्तर पाच मिनिटांत आलं. “मॅडम, लग्न झालं. नातू झाला. रविवारी बारसं आहे, या.”